बिनफोडणीचे नऊ दिवस

आठ वर्षांत पहिल्यांदाच विमलबाई दुधाचा कॅन भरलेलाच घेऊन घरी आल्या. जाताना भरलेला, येताना रिकामा, ही त्या कॅनची रीत. रिकामा असला की त्याची कडी वाजायची आणि पारावरची कुत्री त्या आवाजानं शेपटी हलवायची. आज कडी वाजली नाही, म्हणून कुत्र्यांनीही ओळख दिली नाही. माणसांनी तर दिलीच नव्हती.

दूध संकलन केंद्र म्हणजे मारुतीच्या पारामागची पत्र्याची खोली. फॅट मोजायचं मशीन, दोन मापं, आणि मशीनमागं आश्रुबा. दोन हजार तेराच्या दुष्काळानंतर विमलबाईंनी सात बायका गोळा करून ही संस्था उभी केली, तेव्हा बारावी नापास म्हणून घरात उठता-बसता शिव्या खाणाऱ्या ह्या आश्रुबाला त्यांनीच सेक्रेटरी नेमलं होतं. आज तो त्यांच्या कॅनकडं बघत होता, त्यांच्याकडं नाही.

"काकू, तुमचं आज घेता येत न्हाई."

"कावून? नासलंय का?"

"न्हाई."

"मशिनीत पानी दिसलं?"

"तसं नका बोलू, काकू." आश्रुबानं हनुवटीवरचा मास्क नाकावर चढवला. "लोक म्हणत्यात, तुमच्या सूनबाई त्या कोरोनाच्या वार्डात कामाला. त्यात तुमी दाराला लिंब बांधलाय. पार एष्टीच्या फाट्यावरून दिसतोय. समदे म्हणले, ह्यांच्या घरात निघाला वाटतं. म्या चेअरमनला फोन लावलता. ते म्हणले, सध्या ठेव बाजूला."

चेअरमन म्हणजे विमलबाईंचे थोरले दीर, विठ्ठलराव. संस्था बायकांनी काढली, पण कागदावर एक वजनदार माणूस हवा म्हणून विठ्ठलराव. त्यांचं वजन कागदावरच असायचं. ते राहायचे गेवराईला.

विमलबाईंनी कॅन परत उचलला. त्यांना भय वाटलं होतं. दूध परत आल्याचं नव्हे, लिंबाचं.

तो लिंब त्यांनीच बांधला होता.

त्यांच्या माहेरी कुणाला गोवर-कांजण्या निघाल्या की म्हणत, देवी आली. मग दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, घरात फोडणी द्यायची नाही, कढईत तेल तापवायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. आजारी माणूस म्हणजे पाहुणीच, पोर असलं तरी त्याला अहो-जाहो. नऊ दिवसांपूर्वी त्यांची नर्स सून द्वारका वॉर्डातली पंधरा दिवसांची पाळी संपवून घरी आली. तपासणी चांगली आली होती, ताप नव्हता, खोकला नव्हता. पण पोरीचं तोंड बघितलं आणि विमलबाईंना वाटलं, हिच्या अंगात काहीतरी आलंय. काय, ते कळेना. ज्याचं नाव माहीत नाही त्याला पाहुण्यासारखंच वागवावं, म्हणून त्यांनी चौकटीला डहाळा बांधला आणि फोडणी बंद केली. गाव त्याचा काय अर्थ लावील, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

द्वारका तशी बडबडी. पांढऱ्या कपड्यातली पाखरीण, असं तिचे सासरे म्हणायचे. ती आता गोठ्याशेजारच्या कडब्याच्या खोलीत एकटी राहायची. तिनंच ते ठरवलं होतं, लेकीलाही आजोळी पाठवलं होतं. दिवसातून तीस-तीस वेळा हात धुवायची, बोटांची सालं निघाली होती. रात्री कधीही बघावं तर बाजेवर बसलेली. सोमवारी तिला परत हजर व्हायचं होतं. आज शनिवार.

---

दहाच्या सुमारास विठ्ठलरावांची गाडी दारात उभी राहिली. ते ओसरीवर, पण लिंबापासून लांब, खांबाला टेकून बसले. त्यांच्याशेजारी विमलबाईंचे मालक मोहनराव, आणि समोर उंबऱ्यात बंकट, म्हणजे द्वारकाचा नवरा. तो संस्थेचा दुधाचा टेम्पो चालवायचा. आज टेम्पो गेला होता, पण दुसऱ्याच्या हातानं.

विठ्ठलरावांनी खिशातून एक कागद काढला आणि पाण्याच्या तांब्याखाली ठेवला.

"राजीनामा आहे. मीच लिहून आणलाय, सूनबाईंनी फक्त सही करायची. त्यांची चूक नाही, मला मान्य आहे. पण गाव आहे, विमल. एका घरासाठी बेचाळीस घरांचं दूध डेअरीनं नाकारलं तर काय करायचं?"

"डेअरीनं नाकारलंय का, दादा?" विमलबाईंनी चहाचा कप पुढं केला.

"अजून नाही. पण नाकारील."

"दादा बराबर बोलतोय," मोहनराव म्हणाले. नऊ दिवस बिनफोडणीचं वरण खाऊन ते आधीच वैतागले होते. "नोकरीचं काय हाय? दुसरी भेटंल. हितं पोरगीच कामाची राहिना झालीय."

विठ्ठलरावांनी चहाचा घोट घेतला. "चहा झकास झालाय."

"परत आलेल्या दुधाचा हाय," विमलबाई म्हणाल्या.

कप विठ्ठलरावांच्या ओठाशीच थांबला. खाली ठेवावा तर अर्धा पोटात गेलेला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि उरलेला मुकाट पिऊन टाकला. बंकटला हसू आलं. ते त्यानं मिशीत दाबलं. घरात नऊ दिवसांतलं ते पहिलं हसू होतं, आणि तेही दाबलेलं.

"थट्टेवारी नेऊ नको," विठ्ठलराव खाकरले. "नुसतं दुधाचं असतं तर मी निभावून नेलं असतं. बंकट, दाखव आईला."

बंकटनं मान खाली घातली. मग खिशातून गोळ्यांची एक पट्टी काढली. चार गोळ्या संपलेल्या.

"कडबा काढाया गेलतो, माय. तिच्या उशाखाली व्हती. मेडिकलवाला म्हणला, ह्या डोक्याच्या गोळ्या हायत. येड्याच्या."

विमलबाईंना पट्टीचं काही वाटलं नाही. पोरानं ती आपल्याआधी चुलत्याला दाखवली, त्याचं वाटलं. पण तेवढ्यात अंगणातून आवाज आला.

"झोपेच्या आन मन शांत व्हायच्या हायत त्या."

द्वारका गोठ्याच्या कोपऱ्यावर उभी होती. तोंडाला मास्क, हातात बादली. ती ओसरीच्या पायरीपाशी आली नाही. तुळशीच्या पलीकडंच थांबली.

"मीच डॉक्टरला दाखवलं, आमच्या वार्डातल्या बाईंनी पाठवलं म्हणून. मनाचे डॉक्टर हायत ते. म्हणले, घरच्यांना सांगा. मला सांगता आलं न्हाई." ती बंकटकडं बघत म्हणाली, "मेडिकलवाल्याला इचारायच्या आधी मला इचारायचं."

बंकट उठला, परत बसला.

"सूनबाई," विठ्ठलरावांनी आवाज मऊ केला. प्रचाराला जाताना ते असाच करत. "रागावू नका. करोनाचं एक वेळ लोक विसरतील. पण ही दुसरी गोष्ट गावात फुटली, तर उद्या तुमच्या लेकीचं लग्न जमवताना लोक विचारतील, आईला काय झालं होतं? म्हणून म्हणतो, सही करा, घरी बसा, गोळ्या बंद करा. आपण कपिलधारला दर्शनाला जाऊन येऊ."

द्वारकानं बादली खाली ठेवली, हात पदराला पुसले. कोरडेच होते, तरी पुसले. मग म्हणाली, "पेन द्या."

ते इतकं सहज म्हणाली, की विमलबाईंनी वळून बघितलं. असा आवाज त्यांनी आधी ऐकला होता. बाहेर कुठं नाही, स्वतःच्याच तोंडून.

"थांब," त्या म्हणाल्या.

मोहनरावांनी बायकोकडं बघितलं आणि त्यांना कळलं, आता ही काय बोलणार. त्यांनी मान हलवली. नको, नको.

"अवं, मान नका हलवू. आठ वरसं हलवली." विमलबाई जमिनीवर बसल्या. "दादा, तेराच्या दुष्काळात मी चारा छावणीवर व्हते, ठावं हाय ना? अकरा जनावरं घेऊन गेलते, चार घेऊन आले. गेलेल्यांतली कपिली गाय माझ्या मांडीवर मान टाकून गेली. घरी आले आन माझं बोलणंच बंद झालं. तव्यावर भाकर करपायची, मला दिसायची, पण हात उचलायचा न्हाई. मग ह्यांनी मला लिंबागणेशला माझ्या बहिणीकडं नेऊन ठेवलं. पाच आठवडे. गावाला काय सांगितलं?"

मोहनराव खांबाकडं बघत राहिले.

"सांगा की."

"बहिणीचं... बाळंतपण हाय म्हणून."

"बहीण बावन्न वरसांची व्हती!"

मग तुळशीपलीकडून कसलासा आवाज आला. द्वारका होती. मास्कमुळं हसली की काय, ते नीट कळलं नाही.

"मला काय सुचंना झालतं," मोहनराव पुटपुटले.

"आन गावानं इचारलं बी न्हाई, बावन्नाव्या वर्षी कसलं बाळंतपण. समद्यांना कळलं व्हतं. समदे गप बसले. मी परत आल्यावर दूध घेऊन हिंडाया लागले तवा लोक म्हणले, विमल किती धीराची. धीर कुठला? घरात बसले की कपिली दिसायची, म्हणून मी दारोदार जायाची. ही तुमची संस्था, दादा, जिचे तुमी चेअरमन हाव, ती एका येड्या बाईनं काढलीय."

विठ्ठलरावांनी रिकामा कप उगाच उचलला.

"मला कुणी गोळी दिली न्हाई, कारण डॉक्टर असतो हे कुणाला ठावंच नव्हतं. बहीण रोज शेजारी बसून शेंगा फोडायची, काय इचारायची न्हाई. तेवढ्यावर निघाले मी. हिला डॉक्टर हाय, गोळी हाय. मग खाऊ द्या की. म्हैस आजारी पडली तर दादा, तुमी बीडहून डॉक्टर आणता, ते बी गाडी करून."

बंकट पायरी उतरून द्वारकाजवळ गेला. तिनं हात पुढं करून त्याला अडवलं, पण तो तुळशीच्या कट्ट्यावर बसला, तीन हात अंतर ठेवून. "चुकलं माझं," म्हणाला. "म्या घाबरलतो."

"कशाला?"

"तू बोलत नव्हतीस म्हणून."

द्वारका उभ्या जागीच खाली बसली. आणि मग, बघण्यासारखी गोष्ट म्हणजे, ती विमलबाईंशी नाही, नवऱ्याशी नाही, मोहनरावांशी बोलायला लागली. सासऱ्याला जनावरांतलं कळतं, म्हणून असेल.

"मामा, एक माणूस व्हता वार्डात. म्हाळू नावाचा. गेवराईकडचा, चाळिशीचा. त्याला नीट बोलता येत नव्हतं, ऑक्सिजन लावलेला. मला जवळ बोलावलं आन म्हणला, सिस्टर, घरी फोन करा. म्हैस गुरुवारी व्यायची हाय. पयलारू हाय, पयलीच येळ. गूळ आणून ठेव म्हणावं, आन रात्री एकटी जाऊ नको गोठ्यात, ती लाथ मारती. मी म्हणलं, करते. त्या दिशी तिघं गंभीर झाले. मी विसरले." तिनं नख दाताखाली धरलं आणि सोडलं. "बुधवारी तो गेला. मला शुक्रवारी आठवलं, मामा. म्हैस व्याली बी असंल. एवढं एकच काम सांगितलं व्हतं त्यानं. डोळा लागला की त्याची म्हैस दिसती. मी बघितलेली बी न्हाई ती."

मोहनराव ओसरीच्या कडेला सरकले. पयलारू म्हैस, रात्र, एकटी बाई. ते त्यांना जितकं समजलं तितकं तिथं कुणालाच समजलं नसावं.

"नंबर हाय का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हाय. लिहून घेतलता."

"मग लाव की पोरी. निरोप काय शिळा होत न्हाई."

"आता? तेवीस दिवस झाले. ती मला काय म्हणंल?"

"शिव्या देईल," मोहनराव म्हणाले. "दिल्या तर घे. पर तिच्या मालकाचं शेवटचं बोलणं तुझ्यापाशी राहिलंय. ते तिचं हाय, तुझं न्हवं."

विमलबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. तेहतीस वर्षांत हा माणूस एवढं शहाण्यासारखं कधी बोलला नव्हता, आणि बोलला तो बिनफोडणीच्या वरणावर.

---

द्वारका फोन घेऊन कडब्याच्या खोलीत गेली. ओसरीवरून शब्द पोहोचत होते, पण तिच्या बाजूचेच.

"चंद्रभागाबाई का? मी सिस्टर बोलते. वार्डातली... न्हाई, दवाखान्याच्या कागदांचं काय न्हाई, ते मिळतील. तुमच्या मालकानं एक निरोप दिलता. माझ्याकडून सांगायचा राहिला..."

मग तिकडची बाई बोलत राहिली. विठ्ठलरावांनी घड्याळ बघितलं, पण उठले नाहीत.

"...हां, गूळ. गूळच म्हणले. आन लाथेचं... तुमाला ठावं व्हतं?... अगं बाई. कुठं लागलं?... आता बरं हाय ना?... म्हशीला काय झालं, रेडा का वगार?... कपाळावर टिळा हाय?..."

त्यानंतर नुसतं रडणं. एक इकडचं, आणि फोनमधून येणारं तिकडचं. विमलबाई उठायला लागल्या, तर मोहनरावांनी त्यांचा हात धरला. "बस. शेंगा फोड."

शेंगा घरात होत्या. विमलबाईंनी खरोखरच सूप आणलं आणि कडब्याच्या खोलीच्या दाराशी, बाहेरच्या बाजूनं, बसून फोडत राहिल्या. बऱ्याच वेळानं द्वारका बाहेर आली. डोळे सुजलेले, मास्क ओला.

"शिव्या न्हाई दिल्या आत्या तिनं. म्हणली, ते शेवटी काय बोलले का, हे मला कुणीच सांगत नव्हतं. परत एकदा सांगा म्हणली. मी तीनदा सांगितलं."

"बरं केलंस."

"वगारीचं नाव ठेवलं न्हाई अजून. मला इचारत व्हती."

विमलबाईंनी सोललेल्या दाण्यांची मूठ तिच्यापुढं धरली. द्वारकानं ती घेतली. नऊ दिवसांत पहिल्यांदा सासूच्या हाताला हात लागला आणि ती धुवायला उठली नाही. निदान लगेच तरी नाही.

ओसरीवर ती आली तेव्हा विठ्ठलरावांनी स्वतःच तांब्याखालचा कागद उचलला. "फाडू का?"

"नका. मागची बाजू कोरी हाय." द्वारका तो कागद घेऊन पायरीवर बसली. "आठ दिवसांची रजा मागते, आजारपणाची. काय झालंय तेच लिहिते, डॉक्टरची चिठ्ठी जोडते. आठ दिवसांनी डॉक्टर म्हणले जा, तर जाईन. न्हाई म्हणले, तर थांबंन. पर राजीनामा मी दिला तर माझ्या मनानं देईन, दुधासाठी न्हाई."

विठ्ठलराव चप्पल घालताना म्हणाले, "आणि दुधाचं?" पण ते विचारण्यात सकाळचा जोर नव्हता.

"तुमी आश्रुबाला फोन करा," विमलबाई म्हणाल्या. "सकाळी ठेव म्हणलात, आता घे म्हणा."

"बघतो." विठ्ठलरावांचं 'बघतो' तालुक्यात प्रसिद्ध होतं. त्यावर दोन निवडणुका गेल्या होत्या.

---

दुपारी चारला द्वारका झोपली. माजघरात, पंख्याखाली, गोळी घेऊन. झोपायला घरात ये म्हणून तिला कुणी सांगितलं नाही. ती आपली आपण चटई घेऊन आली. मोहनरावांनी दाराची कडी काढून ठेवली, म्हणजे वाऱ्यानं वाजायला नको.

संध्याकाळचं दूध काढून झालं. कॅन पाऊण भरून ओट्यावर उभा, आणि विमलबाई त्याच्याकडं बघत उभ्या. न्यावा? परत आला तर? तेवढ्यात फाटक ढकलून छबुबाई आली. तिच्याकडं एकच गाय. एरवी सहा महिने ती ऊसतोडीला कारखान्यावर असायची. गेल्या वर्षी टाळेबंदीत टोळीबरोबर परत आली, तेव्हा गावानं त्या सगळ्यांना शाळेत कोंडून ठेवलं होतं.

"आक्का, चेअरमनचा फोन आला का?"

"बघतो म्हणलेत."

"मग काय, पोळ्यापर्यंत बघतील." छबुबाईनं चौकटीवरचा सुकलेला लिंब बघितला, कॅनचं झाकण उघडलं आणि आपल्या बरणीतलं दूध, सगळंच्या सगळं, त्यात ओतून टाकलं.

"अगं! काय केलंस?"

"एक केलं. आता आश्रुबाला म्हणावं, तुमचं येगळं काढ आन माझं येगळं काढ." तिनं झाकण दाबून बसवलं. "शाळेत कोंडलेलं तवा गाव लांबून भाकरी फेकायचं. तुमची द्वारका आत यायची, ताप बघायची, माझ्या पोरीची वेणी घालून जायाची. मला काय इसर पडलाय का? आन आक्का, खरं सांगू, तुमच्या म्हशीच्या दुधात माझ्या गाईची फॅट बी वाढती."

कॅनची एक कडी छबुबाईनं धरली, एक विमलबाईंनी.

आश्रुबानं दोघींना येताना बघितलं. मागं रांगेत अकरा बायका होत्या. तो मशीनकडं बघत राहिला, मग कॅनकडं, मग पहिल्यांदा विमलबाईंच्या तोंडाकडं.

"नाव कुणाचं टाकू, काकू?"

"दोघींचं."

"तसला रकाना न्हाई."

"मग पाड."

रांगेतली एक बाई कॅन उचलून चालती झाली. दुसरी एक मागं सरकली. बाकीच्या नऊ जागच्या हलल्या नाहीत. त्यातली एक म्हणाली, "आटप बे आश्रुबा, डास चावत्यात." आश्रुबानं नमुना घेतला, मशीनमध्ये धरला, आकडा आला तो मोठ्यानं वाचला आणि दूध मोठ्या टाकीत ओतलं. टाकीत पडलेल्या दुधाचा आवाज बाकीच्यांच्या दुधासारखाच होता.

विमलबाई रिकामा कॅन घेऊन परतल्या. कडी वाजली. एक कुत्रं उठून फाटकापर्यंत आलं.

घरी आल्या तर मोहनराव चुलीपुढं बसून डाळीला उकळी आणत होते. बंकट माजघराच्या दारात मच्छर हाकत बसला होता. द्वारका अजून झोपलेली, तोंड किंचित उघडं, लहान पोरीसारखी.

विमलबाईंनी चौकटीचा डहाळा सोडला आणि गोठ्यामागं टाकून आल्या. पाहुणी जायची तेव्हा जाईल. तिचं येणं-जाणं आता डॉक्टर बघतील. त्यांनी मिसळणाचा डबा काढला, लसूण ठेचला, चार लाल मिरच्या मोडल्या. लोखंडी पळी चुलीवर ठेवून तेल ओतलं. नऊ दिवस ज्या माणसानं प्रत्येक घासाला तोंड वाकडं केलं होतं, तो तेलाकडं डोळे लावून बसला. तेल तापलं. विमलबाईंनी मोहरीची चिमूट उचलली.

मोहनरावांनी त्यांचं मनगट धरलं. माजघराकडं बघितलं. मिरचीच्या ठसक्याचा त्यांनी आधीच हिशोब केलेला दिसत होता.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. "उठंल ती."

आणि पळी त्यांनी स्वतःच खाली उतरवून ठेवली.